पासष्ट ग्रॅम पाणी

वजनमापं तपासण्याच्या सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला भात येत नसेल, तर त्यात खरं म्हणजे नवल नाही. त्या खात्यात भात शिकवत नाहीत. पण काटेसाहेबांना स्वतःला मात्र याचं नवल वाटत होतं, आणि नवलापेक्षा अपमान जास्त वाटत होता.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे, ते बाजाराने ठेवलेलं नाव. साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले की 'काटा आला, काटा आला' अशी कुजबुज दुकानादुकानांतून पुढे सरकायची आणि तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखांनी खरवडलं जायचं. साहेबांनी कुणाचा चहा घेतला नाही, कुणाला पाच ग्रॅम सोडले नाहीत. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कपाटात पितळी तराजू आणि शिक्क्याची वजनं मखमलीच्या पेटीत ठेवलेली असत, आणि महिन्यातून एकदा साहेब ती मऊ कापडाने पुसत.

अशा माणसाला गॅसला हात लावायची घरात बंदी होती. बंदी घालणारी व्यक्ती म्हणजे त्यांची बायको. तिला सगळी इमारत मावशी म्हणे, म्हणून आपणही मावशीच म्हणू. दुधाची तीन पातेली आणि खिडकीचा एक पडदा जळाल्यावर मावशींनी हा हुकूम काढला होता आणि साहेबांनी तो खाली मान घालून मानला होता.

सोमवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती दूरदेशी असायची. पहिलं बाळंतपण, पाच आठवडे उरलेले, जावई जहाजावर इंजिनाचा माणूस, तो चार महिने समुद्रात. आई, तू ये, तीन महिने राहा, असं ती गेले दोन महिने सांगत होती, आणि मावशी बघू, बघू म्हणत होत्या. आता तिकिटवाल्याने शेवटचं सांगितलं होतं, की शनिवारी दुपारी बारापर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे माझ्या हातात नाही. फोन ठेवून मावशी बराच वेळ ओट्यापाशी उभ्या राहिल्या, मग वळून म्हणाल्या, "तुम्ही मला एकदा, एकदाच, मी पानात घेईन असा भात करून दाखवा. मी निर्धास्त जाते. नाहीतर लेकीला सांगते, बाई ठेव."

यात अन्याय काही नव्हता. भात आला की माणूस मरत नाही. त्याच्यावर दही पडतं, अंडं पडतं, शेजारून आलेली भाजी पडते. साहेबांनी लगेच हो म्हटलं, आणि मावशींना वाटलं त्यापेक्षा जरा जास्तच जोरात म्हटलं. त्याला कारण होतं.

चौदा वर्षांपूर्वी मावशींची आई आजारी पडली आणि मावशी तिच्याजवळ राहायला गेल्या. लेक वसतिगृहात, साहेब घरी एकटे. चार दिवस पाव, बिस्किटं आणि डब्यातले मासे यांवर काढले. पाचव्या दिवशी पोट बिघडलं, अंग कोमट झालं आणि रिकाम्या घराची त्यांना भीती वाटली. त्यांनी फोन केला आणि बारीक आवाजात सांगितलं, की एकशे दोन ताप आहे. मावशी मिळेल त्या गाडीने परत आल्या. तिसऱ्या दिवशी तिकडे त्यांची आई गेली. ताप एकशे दोन नव्हता. साडेनव्व्याण्णव होता. चौतीस वर्षांत दुसऱ्यांची खोटी मापं पकडणाऱ्या माणसाने आयुष्यात दिलेलं हे एकच खोटं माप, आणि ते कुणी पकडलं नव्हतं. मावशी त्यावरून कधी एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. म्हणून या खेपेला काय वाटेल ते झालं तरी मावशींनी जायचंच, हे साहेबांनी फोन ठेवायच्या आत ठरवून टाकलं होतं.

साधन घरात होतं. लेकीने गेल्या वर्षी विजेचा प्रेशर कुकर पाठवला होता. मावशींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ज्या कुकरला शिट्टी नाही तो आत काय करतोय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वर्षभर तो फ्रिजवर बसून जुनी वर्तमानपत्रं सांभाळत होता. साहेबांना मात्र तो बघताक्षणी पटला. बटणं होती, आकडे होते, मिनिटं होती. गॅस नव्हता, म्हणजे हुकूमही मोडत नव्हता.

पहिली अडचण पेल्याची आली. कुकरबरोबर प्लास्टिकचा एक पेला होता, आणि पुस्तिकेत लिहिलं होतं, एक पेला तांदूळ, एक पेला पाणी. साहेबांनी पेला उजेडात धरला, त्यात पाणी भरून मापात ओतलं, ते एकशे ऐंशी मिलिलिटर भरलं. पाव लिटर नाही, अर्धा लिटर नाही, एकशे ऐंशी. पेल्यावर कुणाचा शिक्का नाही. असा पेला दुकानात सापडला असता तर साहेबांनी जप्त केला असता. घरातला असल्यामुळे त्यांनी तो दात घासायच्या ब्रशांना देऊन टाकला आणि आपलं शिक्क्याचं पाव लिटरचं माप काढलं. पाव लिटर तांदूळ, पाव लिटर पाणी. प्रमाण तेच, माप खरं.

तांदूळ मात्र मावशींच्या पद्धतीने घ्यायचा, ही दुसरी अट. बासमती तीन पाण्यांनी धुवायचा, चौथं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि मग अर्धा तास भिजवायचा. न भिजवलेला बासमती मावशींच्या लेखी तांदूळच नव्हे. साहेबांनी तसंच केलं. घड्याळ लावून भिजवला, चाळणीत निथळला, मापाचं पाणी ओतलं, चमचाभर तेल आणि मीठ घातलं, झाकण फिरवलं, सहा मिनिटं दाबली आणि समोर खुर्ची घेऊन बसले.

जे बाहेर आलं त्याला भात म्हणणं भाताचा अपमान होता. चमचा उभा केला तर तो उभाच राहिला. मावशींची एक परीक्षा होती. चमचाभर भात पानात टाकायचा आणि पानाला खालून एकदा टिचकी मारायची. दाणे पांगले तर पास. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी ही टिचकीवरून परीक्षा. मावशींनी टिचकी मारली. गोळा जागचा हलला नाही. "लग्नाच्या पत्रिका चिकटवायला छान आहे," एवढंच त्या म्हणाल्या. भांडं खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलं. त्या दिवशी त्यांच्याकडे दोन अक्कलदाढा निघाल्या होत्या आणि दोन्ही पेशंटनी भाताचं मनापासून कौतुक केलं, असा निरोप आला. साहेबांना तो निरोप फारसा आवडला नाही.

मंगळवारी साहेबांनी मिनिटं कमी केली. सहाची चार. शिवाय धीर सुटल्यामुळे यंत्राने टिंग म्हणताच झाकणावरची वाफेची कळ दाबली. वाफ फुसकन उसळली, चष्मा पांढरा झाला आणि साहेब भिंतीला हात लावत लावत मोरीपर्यंत पोचले. भात बाहेरून गिच्च आणि आतून कचकचीत, दाण्याची टोकं फुटलेली. बुधवारी त्यांनी वाफ आपोआप जिरू दिली, पण यंत्रावर 'गरम ठेवणे' असा दिवा लागला तो विझेना, म्हणून तो विझायची वाट बघत तासभर बसून राहिले. दिवा विझणारा नव्हताच. वरचा भात गोळा आणि खालचा करपून भांड्याला धरलेला, असं दुहेरी उत्पन्न हाती आलं.

गंमत अशी, की भात जितका बिघडत होता तितक्या मावशी मजेत दिसत होत्या. बुधवारचा गोळा त्यांनी दह्यात कालवून खाल्ला आणि भांडं घासताना काहीतरी गुणगुणलंही. साहेबांनी ते ऐकलं आणि मनात म्हणाले, हसा, हसा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तिला म्हणायचं असणार. डॉक्टरांचा कंपाउंडर जिन्यात भेटला तेव्हा, आज पेशंट जास्त आहेत, थोडा जास्त पाठवता येईल का, असं विचारून गेला.

गुरुवारी सकाळी साहेबांच्या डोक्यात आलं, की दोष तांदळातच असला पाहिजे. जुना म्हणून नवा तांदूळ गळ्यात मारला असणार. पिशवी बगलेत मारून ते वाण्याकडे गेले. हा वाणी जुना ओळखीचा होता, म्हणजे साहेबांनी त्याला दोनदा पकडला होता. वाण्याने तांदूळ तळहातावर घेतला, दाताखाली एक दाणा फोडला, आणि शांतपणे म्हणाला, "तांदूळ दोन वर्षं मुरलेला आहे, साहेब. तुमचं माप तपासा."

साहेबांचं माप तपासा. हे वाक्य एका वाण्याने, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांना ऐकवलं. साहेब पिशवी उचलून बाहेर पडले आणि तरातरा चालू लागले. चोर तो चोर वर शिरजोर, असं पुटपुटत त्यांनी दोन चौक ओलांडले. माणूसच तसला, याच वाण्याच्या गोदामात वाटाण्याची पोती सापडली होती. पोत्यांवर रात्री पाणी शिंपडायचा आणि सकाळी फुगलेला वाटाणा कोरड्याच्या वजनाने विकायचा. साहेबांनी मूठभर वाटाणे वजन करून उन्हात वाळवले होते, पुन्हा वजन केलं होतं, आणि किती पाणी विकलं ते ग्रॅमपर्यंत सांगितलं होतं. केवढं नाव झालं होतं तेव्हा खात्यात.

तिसऱ्या चौकात साहेब एकदम थांबले. मागून येणारी बाई त्यांच्यावर आदळली, तिची क्षमा मागायचंही त्यांना सुचलं नाही. भिजवलेला तांदूळ. अर्धा तास पाण्यात बसलेला तांदूळ. तो पाणी प्यायल्याशिवाय राहतो होय?

घरी येऊन त्यांनी चप्पलही काढली नाही. मखमलीची पेटी उघडली. पाव लिटर तांदूळ तोलला, दोनशे दहा ग्रॅम. धुतला, अर्धा तास भिजवला, चाळणीत टाकला, थेंब थांबेपर्यंत उभे राहिले, पुन्हा तोलला. दोनशे पंच्याहत्तर. साहेबांनी वजनं उलटसुलट करून पुन्हा बघितलं. दोनशे पंच्याहत्तर. पासष्ट ग्रॅम पाणी तांदळाने आधीच पोटात घातलं होतं आणि वर साहेब तीन दिवस त्याला पूर्ण पाव लिटर पाजत होते. पुस्तिका कोरड्या तांदळाची, पद्धत मावशींची भिजवलेल्या तांदळाची, आणि दोघांचंही तंतोतंत ऐकणारा आज्ञाधारक माणूस मधल्या मध्ये फसला. ओला माल कोरड्याच्या हिशेबात धरल्याबद्दल त्यांनी अर्धा डझन दुकानं बंद केली होती. आता दंड कुणाला करायचा ते त्यांना समजेना, म्हणून ते एकटेच खो खो हसले.

पाव लिटरातून पासष्ट वजा, उरले एकशे पंच्याऐंशी. तेवढंच पाणी.

शुक्रवारी दुपारी मावशींना स्वयंपाकघराबाहेर बसवून साहेब कामाला लागले. धुणं, भिजवणं, निथळणं. एकशे पंच्याऐंशी मिलिलिटर, डोळे मापाच्या पातळीला आणून, श्वास रोखून. पाच मिनिटं. टिंग झाल्यावर 'गरम ठेवणे'चा दिवा बंद करून टाकला आणि हात मागे बांधून दहा मिनिटं येरझारा घातल्या. मग कळ सोडली. उरलीसुरली वाफ सुस्कारा टाकून गेली. झाकण काढलं तर दाणे उभे होते. लांब, पांढरे, एकमेकांशी ओळख नसल्यासारखे. साहेबांनी काट्याने कडेकडेने हलवले आणि एक दाणा तोंडात टाकला. तो दाताखाली मऊ होऊन सुटला. आत कणी नाही, बाहेर चिकटा नाही. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वाफेचं नव्हतं.

त्यांनी पान मांडलं, मावशींना हाक मारली आणि वाढलं. मावशींनी चमचाभर भात पानाच्या मध्यावर घेतला. टिचकी मारली, पण अगदी हळू, माशी उठवावी तशी. तरीसुद्धा दाणे पांगले, दोन तर पानाबाहेर टेबलावर गेले. मावशींनी ते उचलून तोंडात टाकले, एक घास घेतला, सावकाश चावला आणि पानाकडे बघत म्हणाल्या, "बरा आहे. पण चिकटच आहे अजून."

साहेबांनी पानाकडे बघितलं, मग मावशींकडे. चौतीस वर्षं त्यांनी माणसांचे असे चेहरे बघितले होते. तराजूकडे न बघता भाव सांगणारा दुकानदार कसा दिसतो ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आठवडाभराचं गुणगुणणं, दह्यात कालवलेला गोळा, सगळं त्यांना एकदम उलगडलं. हिला जायचंच नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"हे खोटं माप आहे," ते म्हणाले.

मावशींनी पानातला भात बोटाने जरा इकडेतिकडे केला. दाणे सुटे सुटे घरंगळत होते.

साहेबांना वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही. ते म्हणाले, "मीही एकदा दिलंय. तुझी आई आजारी होती तेव्हा. मला एकशे दोन ताप नव्हता. साडेनव्व्याण्णव होता. मी घाबरलो आणि तुला खोटं सांगितलं. तू आलीस, आणि तिकडे..."

मावशींनी साहेबांच्या मनगटावर हात ठेवला. हाताला भाताची ऊब होती.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी आले तेव्हा थर्मामीटर टेबलावरच होता. तुम्ही झटकलाच नव्हता. पारा साडेनव्व्याण्णववर उभा होता. मीच झटकून डबीत ठेवला."

मापं तपासणारा माणूस, आणि पुरावा झटकायचा विसरला. चौदा वर्षं ही बाई ते जाणून त्याच्या ताटात गरम भात वाढत होती. साहेबांना लाज वाटली, इतकी की त्यांना टेबलाखाली जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी छातीवरून पोतं उतरल्यासारखं हलकंही वाटलं. का नाही बोललीस, एवढंच त्यांनी कसंबसं विचारलं.

पहिलं वर्षभर फार राग होता, मावशींनी सांगितलं. बोलले असते तर घर मोडलं असतं, इतका. मग हळूहळू तो ओसरला, घाबरलेला माणूस काहीही बोलतो असं वाटायला लागलं. आता त्याचं काही नव्हतं. त्यांना भीती होती ती वेगळीच. त्या सांगताना साहेबांकडे बघत नव्हत्या.

"तेव्हा साडेनव्व्याण्णव होता तर तुम्ही एकशे दोन सांगितलात. आता मी तिकडे गेले आणि तुम्हाला खरोखर एकशे दोन आला, तर तुम्ही मला साडेनव्व्याण्णव सांगाल. ओळखते ना मी तुम्हाला. मग मी तिथे कुणाच्या भरवशावर बसू?"

ते अगदी बरोबर होतं. कालच रात्री साहेबांनी मनाशी ठरवलं होतं, की काही झालं तरी फोनवर सगळं छान आहे असंच सांगायचं. म्हणजे दुसरं खोटं माप तयारच होतं, नुसता शिक्का मारायचा बाकी होता. आणि ते देण्याआधीच पकडलं गेलं होतं.

"जे असेल ते सांगेन," ते म्हणाले. "पॉइंटसकट. सकाळ-संध्याकाळ."

"आणि खोकला?"

"खोकलाही."

"पडलात तर?"

"पडलो तर आधी तुला सांगेन, मग उठेन."

मावशींना हसू आलं. ते दाबायला त्यांनी घास घेतला, मग आणखी एक, आणि मग पान पुढे सरकवून अजून वाढा म्हणाल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि साहेब उभे राहून वाढताहेत आणि मावशी बसून जेवताहेत, असं आज पहिल्यांदा घडत होतं. साहेबांना डाव कसा धरायचा तेही नीट कळत नव्हतं. मावशींनी पान स्वच्छ केलं, हात धुतले आणि पदराला पुसत बाहेरच्या खोलीत फोनकडे गेल्या.

साहेबांनी स्वतःसाठी भात वाढून घेतला आणि तो निवत असताना तसेच बसून राहिले. बाहेरून मावशींचा आवाज येत होता. आधी तिकिटाचं, मग कुठली स्वेटरं आणू त्याचं. येते गं, येते, रडू नकोस, असं दोनदा. मग बराच वेळ पलीकडचं बोलणं ऐकून घेत असल्यासारखी शांतता झाली. साहेबांनी पुढचं ऐकायला कान दिला नव्हता, पण दार उघडं होतं.

"हो, त्यांनीच केला," मावशी सांगत होत्या. "नाही, मी काही मदत केली नाही. अगं नाही, तोंडदेखलं नाही, खरंच. एकेक दाणा सुटा. मला इतक्या वर्षांत असा जमला नाही. हे बघ, बाबांना मात्र सांगू नकोस."

साहेबांनी पहिला घास उचलला.